सरुबाईची शंका

"आज दृष्टांत तुझाच देणार हाय, मोठी आई. आधीच सांगून ठेवतो, मागनं रुसू नगंस."

कंपनीच्या बसला निघालेला नवनाथ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर एक पाय ठेवून हसत हसत एवढंच बोलला आणि गेलासुद्धा, आणि इकडे पुरणाची डाळ निवडत बसलेल्या सरुबाईचा हात परातीतच थांबला. तिनं हाक मारायला तोंड उघडलं, पण हाक मारून सांगायचं काय? दिराच्या पोरानं चारचौघांत आपलं नाव घ्यायचं ठरवलं, तर साऱ्या जगातल्या बायका सुखावतील. घाम फुटला तो एकट्या सरुबाईला.

चाकणच्या कारखान्यांनी गावाचं निम्मं शिवार घेतलं होतं, उरलेल्या निम्म्यावर भाड्याच्या खोल्या उठल्या होत्या, आणि तरी श्रावणातली पोथी काही गावानं सोडली नव्हती. फक्त तिची वेळ तेवढी बदलली होती. पहिल्या शिफ्टची माणसं घरी येऊन हातपाय धुतात तोवर थांबायचं आणि पाच वाजता बसायचं. रोज वेगळ्या घरी पोथीची पाळी. म्हातारे गेनूबुवा ओवी वाचायचे आणि नवनाथ तिचा अर्थ सांगायचा. अर्थ सांगणाऱ्यानं गावातलाच एखादा दृष्टांत दिला पाहिजे, अशी तिथली जुनी रीत. नाहीतर देवादिकांच्या गोष्टी ऐकून माणसं डोलतात आणि घरी जाऊन पुन्हा तशीच वागतात, असं गेनूबुवांचं म्हणणं. त्या रीतीला एक नियम होता. वाईट वागणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, आणि चांगलं वागणाऱ्याचं घेतल्याशिवाय सोडायचं नाही.

आज पोथीची पाळी सरुबाईच्याच घरी होती, आणि अध्याय होता दोन बहिणींच्या मत्सराचा. सख्ख्या बहिणी, आणि दोघी एकाच ऋषीच्या बायका. एकीनं नवऱ्याकडे हजार मुलगे मागितले. दुसरीनं दोनच मागितले, पण त्या हजारांना भारी पडतील असे. दोघींची अंडी शेजारी शेजारी ठेवली. पाचशे वर्षांनी पहिलीची अंडी फुटली, अंगण पोरांनी भरून गेलं, आणि दुसरीची दोन अंडी तशीच गप्प. तिला ते बघवेना. तिनं आपल्याच हातानं एक अंडं फोडलं... आत पोर होतं, पण अर्धंच घडलेलं! त्या अर्ध्या पोरानं आईला शाप दिला, की जिचा तू हेवा केलास तिचीच दासी होशील, आणि दुसरं पोर पूर्ण घडून येईल तेव्हाच सुटशील.

लहानपणी आजोळच्या पोथीत सरुबाईनं ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली, तेव्हा तिला त्या आईचा राग आला होता. गेली अकरा वर्षं मात्र हा अध्याय जवळ आला की तिला ताप भरायचा, कंबर धरायची, कुणा नातेवाइकाला भेटायला जायचं अचानक आठवायचं. यंदा पाळीच घरी आली, पळणार कुठे?

अकरा वर्षांपूर्वीच्या आषाढात एकत्र घरातली दोन्ही पोरं आयटीआय करून बसलेली होती, तिचा बाळू आणि धाकट्या जावेचा, कौशल्याबाईचा नवनाथ. दोघांनी देहूरोडच्या सरकारी कारखान्यातल्या जागेची परीक्षा दिली होती. एका दुपारी टपालवाल्यानं अंगणात सरुबाईच्या हातात पाकीट ठेवलं. ती सातवीपर्यंत शिकलेली. पाकिटावर देहूरोडच्या कारखान्याचा शिक्का होता, नाव वाचता येत होतं. पाकीट एकच होतं, आणि नाव नवनाथचं होतं.

त्याच वेळी ती हाक मारती तर पुढचं काहीच घडतं ना. नवनाथ मागच्या अंगणात सायकल पुसत होता, दहा पावलांवर. पण सरुबाईच्या मनात आलं, की आज हे दिलं तर माझा बाळू दिवसभर तोंड लपवून बसेल. उद्या-परवा त्याचंही पाकीट येईलच, मग दोन्ही मिळून देऊ, दोघं मिळून पेढे वाटतील. तिनं ते पाकीट फळीवरच्या डब्याखाली सरकवलं. दुसऱ्या दिवशी बाळूचं आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं नाही. रोज सकाळी ती ठरवायची की आज देते, आणि रोज संध्याकाळी आणखी एक दिवस थांबायची. आठव्या दिवशी तिनं पाकीट फोडलं तेव्हा आतली हजर व्हायची तारीख उलटून गेली होती, आणि मग देण्यासारखं काही उरलंच नाही. तिनं ते चुलीत घातलं.

वाट बघून बघून नवनाथ भोसरीच्या एका लहानशा, पत्रा दाबणाऱ्या प्रेसच्या कारखान्यात कंत्राटावर लागला, आणि आठव्या महिन्यात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं मशीनखाली गेली.

दवाखान्याच्या पायरीवर कौशल्याबाई ऊर बडवत होती आणि सरुबाई तिला धरून बसली होती. आपण कुणाला धरलंय, कशासाठी धरलंय... तिचं काळीज त्या दिवशी जे फाटलं ते पुन्हा सांधलंच नाही. सहा महिन्यांनी जमिनीच्या बदल्यात कंपनी एका खात्यामागे घरातला एक माणूस कायम घेणार, असं झालं. खातं थोरल्याच्या, म्हणजे सरुबाईच्या नवऱ्याच्या, उद्धवरावांच्या नावावर. उद्धवराव वारलेले, म्हणजे शब्द तिचाच. सगळं गाव धरूनच चाललं होतं की बाळू लागणार. सरुबाईनं तलाठ्यासमोर नवनाथचं नाव सांगितलं आणि नोकरीचा दाखला त्याला देऊन टाकला.

गाव थक्क झालं. पोटच्या पोराला बाजूला ठेवून दिराच्या जायबंदी पोराला नोकरी देणारी बाई कुणी पाहिली नव्हती. कौशल्याबाईनं तिचे पाय धरले, आणि तेव्हापासून ती सरुबाईपुढे कधी मान वर करून बोलली नाही. उपकाराच्या ओझ्यानं वाकली बिचारी, असं सरुबाई समजायची. आणि बाळू? बाळूनं त्या दिवशी एकच विचारलं होतं, "मी तुझ्या पोटचा न्हाई का?" सरुबाई चुलीकडे वळली होती. त्यानंतर दहा वर्षांत बाळू आईशी थेट बोलला नव्हता. पाणी हवं असलं तरी तो भिंतीकडे बघून बोलायचा, आणि लग्न झाल्यापासून बायकोकडून, तेजलकडून निरोप द्यायचा.

तो बाळू आज घर सोडून चालला होता.

चिंचवडला गावठाणात दोन खोल्या बघितल्या होत्या. आपला टेम्पो अंगणात उलटा लावून तो सकाळपासून सामान भरत होता. कपाट, गादी, तेजलची शिलाई मशीन. दुपारी तेजल सासूजवळ येऊन बसली आणि बराच वेळ बोटानं जमीन टोकरत राहिली.

"आत्याबाई, ते म्हणत्यात, पोथीला थांबायचं न्हाई. आन्..."

"आन् काय?"

"दिवाळीलाबी यायचं न्हाई म्हणत्यात. मी लई समजावलं."

सरुबाईच्या डोळ्यांपुढे संध्याकाळ उभी राहिली. बाळू थांबो वा न थांबो, आज भरल्या अंगणात नवनाथ सांगणार की माझ्या मोठ्या आईनं माझ्यासाठी पोटचं पोर डावललं, आणि सगळ्या बायका पदर डोळ्याला लावणार! दहा वर्षं जो घाव घरात झाकून होता, त्याच्यावर गाव हार घालणार. मग हा पोरगा एकदा गेला की गेला. आपल्या सरणालाच येईल तेवढा.

ती उठली आणि चपला न घालताच गेनूबुवांच्या घरी गेली. बुवा चष्मा पुसत बसले होते.

"बुवा, आजचा अध्याय सोडून फुडचा घेतला तर?"

"का गं? तुला काय झालं?"

"सहज इचारलं."

"अगं, पोथी हाय ती, रेडिओ न्हाई. आवडलं न्हाई म्हणून बदलता येत न्हाई." म्हातारा हसला, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून हसायचा थांबला. "सरू, काही बोलायचंय का तुला?"

"न्हाई, न्हाई," म्हणत ती घाईनं मागे फिरली.

चार वाजता नवनाथ आला. तिनं त्याला मोरीपाशीच गाठलं. तो साबण लावून हात धूत होता. ती तीन बोटं आणि तो गुळगुळीत झालेला कोपरा बघायची सवय तिला अजून झाली नव्हती.

"नवनाथ, माझं नाव घेऊ नगंस बाबा. हात जोडते."

"हाच तर मोठेपणा हाय तुझा," तो तोंडावर पाणी मारत म्हणाला. "दहा वर्सं मनात हाय माझ्या. मी आज स्टोअरला बसून पगार घेतो तो कुणामुळं? आज आपल्या घरी पोथी, आन् अध्यायबी तसाच. आज न्हाई बोललो तर कधी बोलायचं?"

"बाळू चाललाय रं..."

"म्हणूनच. त्यालाबी कळू दे का त्याची आई काय हाय ती."

आता याला काय सांगावं? सरुबाई पदर तोंडात धरून आत गेली.

पाचला अंगण भरलं. बाळूला त्याआधीच निघायचं होतं, पण पोथीला आलेल्यांनी आपापल्या मोटारसायकली नेहमीच्या बेफिकिरीनं फाटकात लावल्या आणि टेम्पो आतच अडकला. तो तणतणत टेम्पोच्या पायरीवर, सगळ्यांकडे पाठ करून बसला. गेनूबुवांनी चौरंगावर पोथी उघडली, समई लागली आणि वाचन सुरू झालं.

बुवा ओवी म्हणत होते आणि नवनाथ अर्थ सांगत होता. त्याची वाणी रसाळ होती. बोटं गेल्यावर सहा महिने घरी पडून होता, तेव्हाच बुवांकडे बसून तो हे शिकला होता. दोन बहिणी आल्या, अंडी आली, पाचशे वर्षं सरली. सरुबाई खांबाला टेकून ऐकत होती. अंडं फुटलं. अर्ध्या देहाचं पोर बाहेर आलं. नवनाथनं आपला उजवा हात वर केला.

"हे बघा, अर्धं राहिलेलं पोर कसं असतं ते मला इचारा. पण मंडळी, मत्सर काय करतो ते पोथीनं सांगितलं. मत्सर नसला तर काय व्हतं, ते मी सांगतो. आपल्या गावात, ह्याच घरात, एक आई हाय..."

तो बोलत गेला. दवाखाना, दाखला, तलाठ्याचं टेबल. बायका खरंच रडू लागल्या. कुणीतरी सरुबाईच्या पायाला हात लावला, आणि तो हात तिला चटका बसल्यासारखा लागला. तिनं टेम्पोकडे पाहिलं. बाळूची पाठ ताठ झाली होती. तो उठला. फाटकातल्या गाड्या हातानं ढकलून बाजूला करायला लागला.

"सरुबाई, माझी मोठी आई," नवनाथनं नाव घेतलं आणि हात जोडले.

रीतीप्रमाणे गेनूबुवांनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कुणाची काही शंका?" हे विचारणं नावापुरतंच असायचं. तीस वर्षांत एखाद्या म्हाताऱ्यानं कधी काही विचारलं असेल-नसेल. बायकांपैकी तर कुणीच नाही. बुवांचा हात आरतीच्या तबकाकडे गेलासुद्धा होता.

"माझी हाय," सरुबाई म्हणाली.

ती खांबाला धरून उभी राहिली. आवाज, तिचं तिलाच नवल वाटलं, सरळ निघाला.

"जिनं आपलं अंडं फोडलं, तिला शाप मिळाला. दासी झाली, भोगलं, सुटली. पण बुवा, जिनं दुसरीचं अंडं फोडलं, आन् तिला शाप देणारं कुणी भेटलंच न्हाई... उलट लोकांनी तिच्या पाया पडायला सुरुवात केली... तिनं काय करायचं?"

"काय बोलतीस, मोठी आई?" नवनाथ गोंधळून म्हणाला.

"देहूरोडचं तुझं बोलावणं आलं व्हतं, नवनाथ. माझ्या हातात आलं व्हतं. तू मागं सायकल पुसत व्हतास. बाळूचं आलं न्हाई म्हणून मी ते दाबून ठिवलं, आन् तारीख गेल्यावर चुलीत घातलं. तुझी बोटं मशीननं न्हाई खाल्ली रं लेकरा, मी खाल्ली. दाखला दिला तो त्याग न्हवता. माझ्यानं तुझ्या हाताकडं बघवत न्हवतं."

तिनं एका दमात सांगितलं आणि मग तिचं सगळं अंग हलकं, रिकामं झालं. आता नवनाथ जाईल, गाव थुंकेल, जावेचं नातं तुटेल... तुटू दे. निदान खोट्या हाराखाली तरी मरायला नको.

मग बायकांच्या घोळक्यातून कौशल्याबाई उठली. सरुबाईनं डोळे मिटून घेतले. आता ही झिंज्या धरणार, आणि धराव्यातच.

"मला ठावं व्हतं, अक्का," कौशल्याबाई म्हणाली.

सरुबाईनं डोळे उघडले.

"हा दवाखान्यात असताना टपालवाला बघायला आला व्हता. म्हणला, ह्याचं देहूरोडचं पाकीट मी थोरलीच्या हातात दिलं, मग हा प्रेसवर कसा? तवाच मी समजले. रोज ठरवायची, आज अंगणात उभं राहून ओरडते. तेवढ्यात तुमी दाखला दिला." तिचा आवाज चिरकला. "आन् मी गप बसले. बोलले असते तर भांडण झालं असतं, दाखला बाळूला गेला असता. म्हणलं, माझ्या पोराच्या पदरात पडू दे. बाळू दहा वर्सं तुमच्याशी बोलत न्हवता, ते मी रोज ह्या डोळ्यांनी बघत व्हते, अक्का. एक शब्द सांगितला असता तर तो बोलला असता. मी सांगितला न्हाई. माझी मान का खाली असायची, ते तुमाला कधी कळलंच न्हाई."

दोन बायका एकमेकींसमोर उभ्या होत्या आणि दोघींनाही पुढे काय करायचं ते कळत नव्हतं. मग कौशल्याबाईनं पहिल्यांदा सरुबाईचा हात धरला, आणि दोघी तिथंच जमिनीवर बसल्या.

"शंकेचं उत्तर अर्थ सांगणाऱ्यानं द्यायचं असतं," गेनूबुवा हळूच म्हणाले. सगळ्यांच्या नजरा नवनाथकडे गेल्या. तो आपल्या हाताकडे बघत होता.

"मला न्हाई देता येत," शेवटी तो म्हणाला. "आरती घ्या, बुवा." आणि उठून मागच्या अंगणात निघून गेला.

आरती झाली तशी झाली. प्रसाद घेऊन माणसं गपचूप निघाली, मोटारसायकली निघाल्या, फाटक मोकळं झालं. टेम्पो मात्र सुरू झाला नाही. बाळू अंगण ओलांडून आईसमोर येऊन उभा राहिला.

"माझ्यासाठी दाबलंस ते पाकीट?" त्यानं विचारलं. भिंतीकडे बघून नाही, तिच्याकडे बघून.

"व्हय."

"आन् दाखला त्याला दिलास, तो... ते फेडायला?"

"व्हय रं."

बाळू मटकन खाली बसला. पस्तिशीला आलेला, दाढीवाला गडी. त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं. "दहा वर्सं मी समजत व्हतो का तुझा जीव माझ्यावर न्हाईच. तुझा सगळा जीव त्याच्यावर."

"माझा जीव तुझ्यावर इतका व्हता, बाळू, का मला दुसऱ्याचं लेकरू दिसलंच न्हाई. तोच माझा गुन्हा हाय. तुला कुठल्या तोंडानं सांगणार व्हते?"

"कसल्याबी तोंडानं सांगायचं, आई. मी ऐकलं असतं."

तो 'आई' म्हणाला, हे त्याच्या लक्षातही आलं नाही. सरुबाईच्या मात्र डोळ्यांतून धारा लागल्या. बाळूनं बाहीनं नाक पुसलं आणि तिचा दंड धरून उठवू लागला. "चल. तुझी कापडं घे. हितं आता तुला कोण ठेवणार? चिंचवडला माझ्यापाशी राहा."

"ती कुठं जायची न्हाई."

मागच्या दारात नवनाथ उभा होता. डोळे लाल, आवाज बसलेला. बाळू आडवा झाला.

"नवनाथ, भावा, तुझा राग मला पटतो. पण तिला काय बोलू नगंस. जे बोलायचं ते मला बोल."

"तुला काय बोलू? तुझं तरी कुठं काय चांगलं झालं?" नवनाथ आत आला आणि सरुबाईसमोर खाली बसला. "मला लई राग आलाय, मोठी आई. मागं बसून बघितलं, जातोय का. न्हाई जात. उद्याबी येणार. कंपनीत रजिस्टर लिहिताना, पोराला उचलताना, रोज येणार. तवा मी येऊन तुझ्याशी भांडणार. तू बाळूकडं गेलीस तर मी कुणाशी भांडू?"

सरुबाईनं पदरानं डोळे पुसले.

"राग जाईल का न्हाई, मला म्हाईत न्हाई," तो म्हणाला. "पण तो जाईस्तवर तू ह्याच घरात राहायचंस."

तिनं मान हलवली. इतक्या वर्षांत तिच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं, सगळे नुसते पाया पडत होते. तिनं पुढे होऊन त्याचा उजवा हात पहिल्यांदाच आपल्या दोन्ही हातांत घेतला. त्यानं तो काढून घेतला नाही.

बाळू दोघांकडे बघत उभा होता. बाहेर तेजल टेम्पोत बसून वाट बघत होती, खोल्यांचं भाडं ठरलं होतं, जाणं काही चुकणार नव्हतं. तो घसा खाकरून म्हणाला, "मग रविवारी येतो मी. ह्याचं भांडण ऐकायला."

"जेवायलाच या दोघं," कौशल्याबाई डोळे पुसत म्हणाली.

"काय करू जेवायला?" सरुबाईनं लेकाला विचारलं.

"काय बी कर," बाळू म्हणाला, आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा वळला. "वांगं कर, आई. लई दिवस झाले."